टिटवीच्या घरट्याला फक्की

मी स्वयंसेवक झाले ते नोटीस बोर्डावर. माझ्या स्वतःच्या इच्छेनं झाले असं तिथं लिहिलं होतं, आणि ती इच्छा मला दुपारच्या सुट्टीत, कँटीनच्या दारात हात धुऊन उभी असताना कळली. 'परिसरातील शाळांमध्ये जैवविविधता व निसर्गसंवर्धन, दर शनिवारी सकाळी.' खाली आठ नावं. चौथं माझं. डोक्यात अशी तिडीक गेली की त्या दिवशी ताटात काय भाजी होती ते आजही सांगता यायचं नाही.

वाळूजला ज्या कंपनीत मी काम करते तिथं गाड्यांचे सुटे भाग बनतात. मी तपासणीत आहे. भाग हातात घ्यायचा, मापाचं गेज लावायचं, बसला तर पुढं, नाही बसला तर लाल पेटीत. सहा दिवस हेच. त्यात दोन आठवड्यांनी एकदा मिळणारा शनिवार माझा होता, धुण्याचा, झोपेचा, आईला दवाखान्यात न्यायचा. तो गेला म्हणून मी तशीच एचआरच्या साहेबांकडं गेले.

"साहेब, मला न विचारता नाव कसं टाकलं?"

ते हसले. हे साहेब कधी चिडत नाहीत, हीच त्यांची खोड. "अहो मॅडम, तुम्ही वैजापूरकडच्या ना? शेतकऱ्याच्या घरातल्या. निसर्ग तुमच्या रक्तात आहे. शहरातल्या पोरांना पाठवून काय उपयोग?" मग टेबलावरचा कागद जरासा सरळ करत म्हणाले, "आणि कायम करायच्या लोकांची यादी वर गेलीय. अशा कामाची नोंद होते हो तिथं."

पाच वर्षं मी कंत्राटावर होते. दर अकरा महिन्यांनी मला काही दिवस घरी बसवायचे आणि मग नव्या पत्रावर परत घ्यायचे, जणू मी तिथली कुणीच नव्हते आणि आज पहिल्यांदाच आले. त्या घरी बसायच्या दिवसांत मी फोन उशाशी घेऊन पडून राहायचे. आई म्हणायची, जेव तरी. त्यामुळं साहेबांनी यादीचं नाव काढलं आणि मी भांडायचं सोडून दिलं. मी म्हणाले, "बरं साहेब." ते "बरं साहेब" माझ्या गळ्यात पडलं ते अजून आहे.

शाळा बिडकीनच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून आत. जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत तेव्हा, आता आठवीही झाली. मार्च लागला होता, शाळा सकाळची होती. कंपनीच्या जीपनं आम्हा दोघींना सोडलं. दुसरी जी होती तिनं पहिल्याच आठवड्यात बाळंतपणाची रजा टाकली आणि सुटली बिचारी. मी एकटी उरले.

कंपनीनं पडद्यावर दाखवायला चित्रं दिली होती. बर्फातलं अस्वल, कुठल्या तरी परदेशी जंगलातला पोपट, समुद्रातली कासवं. लाईट नव्हती, म्हणून मी कागदावरून वाचायला लागले. जैवविविधता म्हणजे काय. पोरांनी एका सुरात म्हटलं, जैवविविधता म्हणजे काय. त्यांचा काही दोष नव्हता, मीसुद्धा तसंच वाचत होते. घड्याळात बघत होते.

दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. सातवीतली, दोन घट्ट वेण्या, गुडघ्याला माती. "मॅडम, ह्यात आमच्या इथलं कायच नाय का?"

मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखं झालं. मी कागद बॅगेत कोंबला आणि म्हणाले, चला, तुमचं दाखवा.

शाळेच्या मागं गायरान आहे. लोक त्याला ओसाड म्हणतात, सरकारी कागदावरही पडीक असेल. तरवड, बोरी, चार बाभळी, कुसळीचं वाळलेलं गवत, आणि एका अंगाला पाझर तलावाचं उरलंसुरलं पाणी. तिथं त्या पोरांनी मला तासाभरात चंडोल दाखवला, सरड्याचं बीळ दाखवलं, मुंगळ्यांची वाट दाखवली. मी वेडा राघू ओळखला तेव्हा पोरं चकित झाली, आणि खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं. पाच वर्षांत कुणी माझ्याकडं असं बघितलं नव्हतं. पुढच्या शनिवारची मी वाट बघायला लागले, घरी आईला सांगायला लागले. आई म्हणाली, "धुणं कोण धुणार?" पण तिलाही बरं वाटलं असावं.

त्या मुलीची एक वही होती. जुन्या वह्यांची कोरी पानं काढून तिनं दाभणानं शिवली होती. रकाने पाडून त्यात ती लिहायची, तारीख, काय दिसलं, किती दिसलं. तपासणीच्या आमच्या तक्त्यापेक्षा नीट. मी ती वही बघितली आणि मनात म्हटलं, ही पोरगी माझ्या खात्यात पाहिजे.

तिसऱ्या शनिवारी ती मला टिटवीच्या घरट्यापाशी घेऊन गेली. डोक्यावर दोन टिटव्या ओरडून जीव काढत होत्या. ती थांबली, दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि म्हणाली, "त्या चपट्या दगडाच्या उजवीकडं बघा."

मला काही दिसेना. टिटवीचं घरटं म्हणजे काय, जमिनीवर थोडे खडे सरकवलेले. अंडी खड्यांच्याच रंगाची. "कुठं? हात करून दाखव ना."

"हात नाय करायचा मॅडम. आमचा आबा म्हणतो, टिटवीच्या घरट्याला बोट दाखवलं की ते जातंय."

मागं सगळा वर्ग उभा होता. माझ्या बॅगेत कंपनीचा कागद होता, त्यात 'वैज्ञानिक दृष्टिकोन' असा एक मुद्दा होता. मी हसून म्हणाले, "बोटातून काय वीज निघते का?" पोरं खिदळली. ती मुलगी लाल झाली. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. मी तिचं मनगट धरून हात पुढं ओढला, तिचं बोट सरळ केलं आणि घरट्याकडं रोखलं. "बघ. गेलं का? नाही गेलं. ह्याला अंधश्रद्धा म्हणतात."

चार अंडी होती, तशीच होती. तिनं हात सोडवून घेतला आणि फ्रॉकला पुसला.

आता मला आठवतं, माझे वडील शेतात कुळवाची पाळी घालताना टिटवीचं घरटं आलं की औत उचलून घ्यायचे आणि तेवढा तुकडा सोडून पुढं टाकायचे. कुठंय, कुठंय, म्हणून आम्ही नाचायचो. ते म्हणायचे, आहे तिथं. एवढंच. बोट कधी दाखवलं नाही, खूण कधी केली नाही. हे सगळं मला माहीत होतं. मला माहीत होतं आणि मी तिचं मनगट धरलं.

त्या दिवशी आम्ही सात घरटी शोधली. सव्वीस अंडी. मग मला काळजी लागली, की गायरानात गुरं येतात, मोटारसायकली जातात, कुणाचा पाय पडला तर? आणि इथं माझं कंपनीतलं डोकं चाललं. आमच्याकडं कारखान्यात प्रत्येक वस्तूभोवती पट्टा मारलेला असतो. ट्रॉलीची जागा, पेटीची जागा, अहो, झाडूला सुद्धा पिवळी चौकट. जिला पट्टा आहे ती वस्तू सांभाळलेली, जिला नाही ती बेवारस. पाच वर्षांत हे हाडात गेलेलं. मी शाळेतून कबड्डीचं मैदान आखायची चुन्याची फक्की मागवली, आणि पोरांना घेऊन प्रत्येक घरट्याभोवती दोन-दोन हातांवरून पांढरंशुभ्र वर्तुळ मारलं. मोजून सात वर्तुळं. लांबूनसुद्धा दिसत होती.

ती मुलगी फक्कीचं घमेलं धरून होती. म्हणाली, "मॅडम, लई ठळक दिसतंय."

मी म्हणाले, "दिसायलाच पाहिजे."

फोटो काढून ग्रुपवर टाकले. जीप वाळूजला पोचायच्या आत साहेबांचा फोन आला. फार उत्तम, मॅडम. सात घरटी संरक्षित. वरून पाहुणे यायचेत, त्यांना हेच दाखवू.

पुढच्या शनिवारी आम्ही गेलो तर टिटव्या ओरडत नव्हत्या. अंडी असली की टिटवी जवळ येणाऱ्यावर ओरडल्याशिवाय राहत नाही. पहिल्या वर्तुळात काही नव्हतं. दुसऱ्यात कवचाचा एक तुकडा. तिसऱ्यात कुत्र्याचे पाय उमटलेले, फक्कीवरून थेट मधोमध. पाचव्यापाशी कावळा बसला होता. आम्ही जवळ गेलो तरी तो घाईनं उठला नाही, जरासा सरकून पुढच्या वर्तुळात जाऊन बसला. एका घरट्यात कावळ्यांना अंडी सापडली असणार, मग पांढरं दिसेल तिथं खाणं आहे हे समजायला कावळ्याला कितीसा वेळ लागतो. कुत्र्यांनाही लागला नसेल. टिटवीनं खड्यांत खडे होऊन जे लपवलं होतं ते मी चुन्यानं आखून दाखवलं.

ती मुलगी सातही ठिकाणी गेली, वाकून बघितलं, वही उघडली आणि सात वेळा शून्य लिहिलं. माझ्याकडं बघून काहीच म्हणाली नाही. आबा म्हणत होता ना, असं तरी म्हणायचं. म्हणाली असती तर मी रागावले असते आणि मोकळी झाले असते. लाज म्हणजे काय ते मला त्या उन्हात कळलं, तोंड लपवायला चार बाभळींची सावलीही पुरी नव्हती.

घरी आईला सांगितलं. ती गहू निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुझ्या बापानं कधी बोट दाखवलं होतं का?" मी म्हणाले, नाही. "मग तू कुणाकडून शिकलीस?" मी उठून आत गेले.

सोमवारी साहेबांकडं गेले आणि सरळ सांगितलं. एकही अंडं उरलं नाही, चूक माझी, पाहुण्यांना दुसरं काहीतरी दाखवा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कोपऱ्यातला फलक माझ्याकडं फिरवला. माझं वर्तुळ, माझ्या पोरांचे पाय, खाली मोठ्या अक्षरात, 'सात घरटी संरक्षित'. छापून आला होता.

"मॅडम, तुम्हीच म्हणाला होता ना, टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच चालायला लागतात? घरट्यात थांबत नाहीत?"

"हो, पण त्याला महिना लागतो साहेब. आत्ता तर..."

"तेवढं पाहुण्यांना कुठं माहीत आहे. रिकामं घरटं म्हणजे पिल्लं निघून गेली." ते हसले. "मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही. तुम्ही फक्त काही बोलू नका. यादीवर या आठवड्यात सही होणार आहे, उगीच आत्ता कशाला?"

मी त्यांच्या केबिनच्या काचेतून लाईन बघत होते. माझ्या जागेवर त्या दिवशी एक नवी मुलगी गेज घेऊन उभी होती, झरझर भाग तपासत होती. माझ्यासारख्या कितीतरी. मी पुन्हा म्हणाले, "बरं साहेब."

शनिवारी पाहुणे आले. शाळेनं रांगोळी काढली, मंडप टाकला, गुरुजींनी नवा शर्ट घातला होता. ठरलं होतं की ती मुलगी आपल्या वहीतून वाचून दाखवणार. मी तिला मंडपाच्या मागं गाठलं.

"शेवटचं पान वाचू नको."

"का?"

"पाहुणे आहेत."

तिनं वहीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "पण मॅडम, तुम्हीच म्हणला होता, जे दिसलं तेच लिहायचं."

म्हणाले होते. पहिल्याच शनिवारी म्हणाले होते, मोठ्या ऐटीत. मी म्हणाले, "लिहिलंय ना? पुसायला कुठं सांगतेय. फक्त वाचू नको." हे बोलताना माझा आवाज मला एचआरच्या साहेबांसारखा ऐकू आला, तोच गोडवा, तीच समजूत. पण बोलून झालं होतं.

तिनं छान वाचलं. चंडोल, सरडा, मुंगळे, वेडा राघू. टिटवीची सात घरटी, सव्वीस अंडी. आणि वही मिटली. टाळ्या झाल्या. पुढच्या खुर्चीवर बसलेले सगळ्यात मोठे पाहुणे खुश झाले, त्यांनी प्रेमानं विचारलं, "और बेटा, बच्चे निकले?"

तिनं माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच मग माझ्याकडं बघितलं. साहेब खुर्चीच्या कडेवर आले होते. मला एवढंच करायचं होतं, मान हलवायची. नाही म्हणायचं. ती त्याचीच वाट बघत होती, मला दिसत होतं. तिला बोलायचं होतं आणि मी परवानगी द्यायची होती, बाकी सगळं तिनंच सांगितलं असतं.

मी म्हणाले, "जी सर, निकले. सब निकल गये."

पुन्हा टाळ्या झाल्या. मुलगी आपल्या जागेवर जाऊन बसली. वही तिनं मांडीखाली घेतली.

पत्र पंधरा दिवसांत आलं. मी कायम झाले. आईनं देवाला साखर ठेवली, शेजारी पेढे वाटले. संध्याकाळी पेढा माझ्याही हातावर ठेवला, मी तो खाल्ला. खोटं बोलून मिळालेलं गोड लागत नाही असं काही नसतं. तो चांगला गोड होता, त्याचंच मला वाईट वाटलं.

आणि मी अडकले. आधी निदान अकरा महिन्यांनी सुटायची भीती तरी होती. आता फलक गेटच्या आत लावलाय, रोज सकाळी बस त्याच्यासमोर थांबते, रोज माझ्याच वर्तुळासमोर मी उतरते. वर्षभर कुणी भेटलं की विचारतं, तुम्हीच ना त्या टिटवीवाल्या मॅडम? दुसऱ्या शाळांत जाणाऱ्यांना शिकवायचं कामही माझ्याकडं आलं. फक्की कशी मारायची ते. मी त्यांना सांगते की चुन्यानं अंडी भाजतात, म्हणून आता फक्त लांबून बघायचं. एक खोटं झाकायला दुसरं. निदान ह्यानं अंडी वाचतात, म्हणून झोप लागते थोडी. खरं कारण सांगितलं तर पहिलं खोटं उघडं पडतं, आणि तेवढी छाती माझ्यात नाही.

यंदाच्या मार्चमध्ये साहेबांनी बोलावलं. पाहुणे पुन्हा येणार होते. "मॅडम, त्याच शाळेचे ताजे फोटो पाहिजेत. वर्तुळासकट. गेल्या वर्षी सात होती, यंदा दहा झाली तर फारच छान."

मी म्हणाले, साहेब, चुन्यानं... ते म्हणाले, "फोटोपुरती मारा आणि झाडून टाका. घरटं तर खरं असेल ना?"

शनिवारी गेले. बॅगेत फॉर्म होता, 'घरट्यांची संख्या' असा रकाना, आणि जीपमध्ये फक्कीची पिशवी. ती मुलगी आता आठवीत होती, उंच झाली होती. वर्षभर ती माझ्या प्रत्येक तासाला बसली होती, प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं होतं, आणि स्वतःहून एक शब्द बोलली नव्हती. वही आणायची तिनं कधीच बंद केली होती. पण गायरान त्या शाळेत तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही, पोरं तसं सांगायची. मी तिला एकटीलाच बोलावलं आणि आम्ही शाळेच्या कुंपणाच्या तारेतून वाकून पलीकडं गेलो.

"यंदा टिटव्या कुठं बसल्यात गं?"

ती थांबली. माझ्या पुढं दोन पावलांवर. "यंदा नाय बसल्या मॅडम."

आमच्या डोक्यावर टिटवी ओरडत होती. एक नाही, दोन. घिरट्या घालत, खाली सूर मारत, ओरडून जीव काढत होत्या. टिटवी अशी कधी ओरडते ते मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होतं. तिनं वर बघितलं नाही. माझ्या डोळ्यांत सरळ बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. इतकं सहज खोटं बोलायला तिला कुठं शिकायला मिळालं ते मला कुणी सांगायला नको होतं.

मी म्हणाले, "एक पण नाही?"

"एक पण नाय." आणि तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले, एका हातानं दुसरं मनगट घट्ट धरलं, आणि जागची हलली नाही. मला पुढं जायचं असतं तर तिला वळसा घालून जावं लागलं असतं.

मी खाली बसले, बॅगेतून फॉर्म काढला, गुडघ्यावर ठेवला आणि रकान्यात शून्य लिहिलं. तिनं वाकून ते वाचलं, मग बाजूला झाली, आणि आम्ही आल्या वाटेनं शाळेकडं परत निघालो. टिटव्या तारेपर्यंत आमच्या मागं ओरडत आल्या.